मोडीतला मर्क्युरी

नगरच्या बाजारपेठेत पितळी भांड्यांची जी जुनी दुकाने अद्याप तग धरून आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला मोडीची एक पाटी असते. चेपलेले गडवे, कडी तुटलेली घंगाळी, बूड गेलेले तांबे, समईचे सुटे मोर असा सगळा ऐवज त्या पाटीत येऊन पडतो आणि यथावकाश वजनावर भट्टीकडे रवाना होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाटीत आम्हाला एक बिल्ला मिळाला. लंबवर्तुळाकार पट्टा, त्यावर पुसट इंग्रजी अक्षरे, माथ्यावर मुकुट, आणि पट्ट्याच्या आत एका पायावर तोल सावरून, उजवा हात आकाशाकडे उंचावून उभा असलेला एक उघडाबंब पुरुष. दुकानदाराने तो तराजूत टाकताना विचारले, "कुठला देव हो हा?" आम्ही म्हणालो, "निरोप्या." त्याचे समाधान झाले नाही, पण मोडीचा भाव मिळाल्यावर त्याने पुढे काही विचारले नाही. आम्हीही त्याला काही विचारले नाही. हे दुसरे वाक्य प्रस्तुत लेखाचे कारण आहे.

त्या उघड्या पुरुषाचा परिचय आधी करून देणे इष्ट. तो रोमन पुराणातला मर्क्युरी, देवांचा दूत. शिरस्त्राणाला पंख, पादत्राणांना पंख, डाव्या हातात दोन सर्प गुंफलेला दंड. सोळाव्या शतकातील शिल्पकार जाम्बोलोन्या याने घडवलेला त्याचा कांस्यपुतळा फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. तो पुतळा वाऱ्याच्या मुखातून निघालेल्या झोतावर उभा आहे, तर ब्रिटिश लष्कराच्या संदेशवाहक दलाने त्याला बिल्ल्यावर घेताना पायाखाली पृथ्वीचा गोल दिला. साम्राज्याला वाऱ्यापेक्षा पृथ्वी अधिक भरवशाची वाटली असावी. ब्रिटिश सैनिक या दूताला लाडाने 'जिमी' म्हणतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत या देशांच्या सिग्नल्स दलांनी हाच जिमी आपापल्या टोप्यांवर वागवला. भारतीय सैन्यात संदेशवहनाच्या स्वतंत्र तुकड्या 15 फेब्रुवारी 1911 रोजी उभ्या राहिल्या आणि तो दिवस आजही कोअर ऑफ सिग्नल्सचा स्थापनादिन मानला जातो. त्यापूर्वी हे काम सॅपर्स अँड मायनर्सकडे होते. ब्रिटनमध्ये मात्र रॉयल इंजिनिअर्सपासून फुटून स्वतंत्र सिग्नल्स दल निघाले ते 1920 साली, म्हणजे पहिले महायुद्ध संपल्यावर.

ही सनावळी केवळ माहितीसाठी दिलेली नाही. बिल्ले ओळखण्याची सारी विद्या अशा सनावळीवर उभी आहे. पहिल्या महायुद्धात रॉयल सिग्नल्सच्या जवानाने घातलेला बिल्ला म्हणून कुणी काही विकू लागला, तर वस्तू हातात न घेताही नकार देता येतो, कारण त्या युद्धात ते दलच नव्हते. तारायंत्रवाले रॉयल इंजिनिअर्सचाच बिल्ला लावत. मुकुटाचेही तसेच. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट निराळा, 1901 नंतर राजांच्या काळात आला तो ट्यूडर मुकुट, ज्याच्या कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या असतात. एलिझाबेथ राणी 1952 मध्ये गादीवर आल्यानंतर सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी दबलेल्या. आता भारतीय सिग्नल्सचा बिल्ला आणि माथ्यावर दबक्या कमानींचा मुकुट अशी जोडी दिसली की समजावे, कुणीतरी गणितात चुकले. भारत 26 जानेवारी 1950 रोजी प्रजासत्ताक झाला, बिल्ल्यांवरचे मुकुट उतरले, अशोकस्तंभाचे सिंह चढले. एलिझाबेथ त्यानंतर दोन वर्षांनी राणी झाली. तिचा मुकुट भारतीय जवानाच्या कपाळावर येण्याचा प्रश्नच नव्हता. व्हिक्टोरियाचा मुकुटही 1911 साली जन्मलेल्या दलाच्या बिल्ल्यावर येऊ शकत नाही. 'अतिदुर्मिळ' म्हणून खपवल्या जाणाऱ्या काही वस्तूंचा निकाल एवढ्यातच लागतो. अलीकडे एक नवी पंचाईत झाली आहे. 2022 मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुट पसंत केला, त्यामुळे ब्रिटनचे नवे बिल्ले मुकुटापुरते जुन्यांसारखे दिसू लागले आहेत. नवशिक्याने इथे जपून असावे.

धातूची परीक्षा याहून अवघड, पण अधिक रंजक. कारखान्यातला बिल्ला पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेला असतो. पुढे जे उठावदार असते ते मागे खोलगट दिसते, कडा धारदार असतात. मागे टोपीच्या चिरेत सरकवण्याची सपाट पट्टी असते किंवा कापडातून आरपार घालून पिन अडकवायच्या दोन कड्या असतात. ओतीव बिल्ला जाड आणि जड; पाठ सपाट किंवा खडबडीत, अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनने प्लॅस्टिकचेही बिल्ले काढले, ते वेगळेच प्रकरण. सर्वांत नाजूक भेद आहे तो झिजेचा. लष्करात बिल्ला रोज घासून चकाकवावा लागतो. वर्षानुवर्षे घासलेल्या ठशाच्या बिल्ल्यावर उंचवटे झिजतात, पण खोलगट भागातली रेघ शाबूत राहते: मर्क्युरीचे नाक जाते, पायाच्या पंखांची पिसे मात्र मोजता येतात. ओतीव नकलेत नाकही पुसट असते आणि पिसेही पुसट असतात, सगळा चेहरा सारखाच धूसर.

आमच्या मोडीतल्या मर्क्युरीला आम्ही या परीक्षांना लगेच बसवले नाही. संग्राहकाच्या दुबळेपणाची ही कबुली आहे. घरी येऊन मोजमाप घेतले तेव्हा तो प्रचलित बिल्ल्यापेक्षा थोडा लहान भरला आणि आम्हाला आनंदाचे भरते आले. लहान आकाराचा, कोणत्याही यादीत नसलेला प्रकार! पुढचे काही आठवडे आम्ही त्याला आमच्या संग्रहातला मानाचा मोती समजून वागवले. मग ओतकाम करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने तो तळहातावर तोलून अर्ध्या मिनिटात निकाल दिला. पितळ थंड होताना आकसते. मूळ बिल्ला मातीत दाबून साचा केला आणि त्यात पितळ ओतले, की नक्कल मुळापेक्षा किंचित लहानच निघणार. आमचा दुर्मिळ लघुप्रकार म्हणजे 1920 ते 1946 या काळात सर्रास चाललेल्या रॉयल सिग्नल्सच्या बिल्ल्याची ओतीव नक्कल होती.

कुणी म्हणेल, प्रकरण मिटले. आमच्या मते खरे प्रकरण इथे सुरू होते. नक्कल, पण कधीची आणि कशासाठी? इंडियन सिग्नल कोअरमध्ये रॉयल सिग्नल्सचे ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक काम करीत. छावणीच्या गावात त्यांतल्या एखाद्याचा बिल्ला हरवला, परेड तोंडावर आली, आणि त्याने मित्राचा बिल्ला घेऊन बाजारातल्या ओताऱ्याला गाठले, असे घडणे अगदी स्वाभाविक आहे. हिंदुस्थानातल्या बाजारांत केलेले असे बिल्ले जाणकारांना ठाऊक आहेत आणि काही संग्राहक मुद्दाम तेच जमवतात. अन्यथा हीच वस्तू एखाद्या हुशार माणसाने आमच्यासारख्या उत्साही मंडळींसाठी दहा वर्षांपूर्वी ओतलेली असू शकते. पहिली शक्यता खरी असेल तर तो नगरच्या कारागिरीचा आणि छावणीच्या दैनंदिन जीवनाचा पुरावा ठरतो, दुसरी खरी असेल तर लबाडीचा. पितळ तेच, साचा तोच, आकसणेही तेच. वस्तू स्वतः याचे उत्तर देऊ शकत नाही. ते त्या माणसाकडे होते ज्याने हा बिल्ला मोडीत आणून दिला. तो कोण, कोणत्या गल्लीतला, घरात कोणाचे सामान आवरताना त्याला हे सापडले, हे त्या दिवशी दुकानदाराला कदाचित आठवत होते. आम्ही परत गेलो तेव्हा त्याला तो बिल्लासुद्धा आठवत नव्हता.

आपल्याकडे या चुकीचा इतिहास मोठा आहे, आणि तिच्यावरचा उताराही आपल्याकडेच शोधला गेला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत जुनी दप्तरे धुंडाळत होते, त्या काळी मोडी कागद पुड्या बांधायला वाण्याकडे जात. (मोडी लिपी आणि भांड्यांची मोड यांचा उच्चारापलीकडे संबंध नसेलही, पण दोहोंच्या नशिबी एकच बाजार आला.) राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, तेव्हा कागदाइतकेच महत्त्व तो कोणाच्या घरी, कोणत्या दप्तरात मिळाला याला दिले. कागद कुठला हे कळले नाही तर त्यातला मजकूर अर्धा मुका होतो, ही त्यांची समज होती. नाण्यांच्या बाबतीतही आपल्याकडे थोडीफार शिस्त आली. शिवराई कुठे सापडली हे नोंदवणारे अभ्यासक आहेत. लष्करी बिल्ल्यांच्या बाबतीत मात्र आपण अजून पुडी बांधण्याच्याच काळात आहोत. इंग्रजीत किपलिंग आणि किंग या जोडीचा 1973 साली निघालेला सूचिग्रंथ संग्राहकांचा धर्मग्रंथ आहे (हा किपलिंग तो नव्हे), पण तोही बिल्ला कसा दिसतो एवढेच सांगतो. तो कोणी घातला हे सांगणे सूचीचे कामच नाही. ते आपले काम आहे, आणि ते आपण करीत नाही, हे आमचे गाऱ्हाणे.

नगरसारख्या जिल्ह्यात हे गाऱ्हाणे अधिक टोचते. अहमदनगर, 2024 पासून अहिल्यानगर, हे दोन शतकांहून अधिक काळ फौजेच्या सहवासात राहिलेले गाव आहे. वेलस्लीने 1803 च्या ऑगस्टात भुईकोट घेतला. पुढे बोअर युद्धातले कैदी इथे आणले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन स्थानबद्ध इथे ठेवले गेले, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रणगाड्यांचे शिक्षण इथे सुरू झाले, आणि 1948 मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आले. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही इथलेच. त्यामुळे इथल्या मोडीत, जुन्या बाजारात आणि माळ्यावरच्या ट्रंकांत जे निघते ते कोठूनही आलेले असू शकते. सिग्नल्सचे केंद्र मात्र इथे नाही, ते जबलपूरला. मग नगरमध्ये संदेशवहनाची खूण शोधायची कुठे? बिल्ल्यांच्या मागे लागलेल्या माणसाला इथेच एक धडा मिळतो. संदेश वाहणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीवर मर्क्युरी नव्हता.

रणगाड्यातल्या माणसांची विभागणी चालक, तोफची आणि ऑपरेटर अशी असते. ऑपरेटर म्हणजे रेडिओ सांभाळणारा. नगर परिसरातल्या निवृत्त रणगाडेवाल्यांच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही जाणवत नाही. हा ऑपरेटर आयुष्यभर संदेश घेतो आणि देतो, पण त्याच्या टोपीवर त्याच्या रिसाल्याचा बिल्ला असतो, सिग्नल्सचा नव्हे. पायदळाच्या पलटणीतला सिग्नलरही पलटणीचाच बिल्ला लावतो. त्याच्या कामाची खूण म्हणजे बाहीवरची दोन आडवी-तिरकी निशाणे. अशी बाहीवरची खूण सुटी होऊन मोडीत आली की ती कुणाला टोपीवरचा अनोळखी बिल्ला वाटते, आणि 'सिग्नल्सचा अपरिचित प्रकार' म्हणून तिची किंमत दसपट होते.

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये 'फामागुस्टा' नावाचा सेंच्युरियन रणगाडा जतन केलेला आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. रणगाड्याला आग लागली तेव्हा तो सोडून देण्याचा आदेश त्यांना रेडिओवरून मिळाला, आणि तोफ चालते आहे तोवर आपण तो सोडणार नाही, असे त्यांनी त्याच रेडिओवरून कळवले. ते त्या लढाईत पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारतीय लष्कराच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध रेडिओ संदेश आहे आणि तो पाठवणाऱ्याच्या टोपीवर जिमी नव्हता.

त्याहून जवळचे उदाहरण जिल्ह्यातल्या निमजचे. तिथले नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठावर पलटणीने हल्ला चढवला तेव्हा त्यांच्याकडे काम होते कंपनीच्या 'रनर'चे, म्हणजे निरोप पोचवणाऱ्याचे. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर जासूद किंवा हरकारा. कंपनी कमांडर जखमी झाला, बरोबरचे बहुतेक पडले. जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी नेले, मग एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी मोडली, आणि अखेरीस बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत हात हलवून उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हातात बिनतारी यंत्र नाही, निशाण नाही, आरसा नाही. आवाज आणि उंचावलेला हात. आमच्या मोडीतल्या मर्क्युरीचा उजवा हात पाहताना आम्हाला सेनिओच्या बांधावरचे जाधव आठवतात, आणि जाम्बोलोन्याचा पुतळाही इटलीतच आहे, हा योगायोग मनातून जात नाही. जाधवांच्या पलटणीच्या बिल्ल्यावर शिंग होते. लाइट इन्फंट्रीला हुकूम शिंगाच्या आवाजावर मिळत, त्याची ती खूण. म्हणजे तोही एका अर्थी संदेशवहनाचाच बिल्ला; फक्त संग्राहकांच्या यादीत तो त्या सदरात येत नाही. विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या खिंडीची कथा ज्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

बिल्ल्यावर काय राहते आणि काय काढले जाते, हा स्वतंत्र विषय आहे. पुण्याहून नगरकडे येताना रस्त्यालगत भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ लागतो. 1941 साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता. पुढे तो काढला गेला, त्या जागी कट्यार आली. एका समाजाने आपल्या लढवय्येपणाची साक्ष म्हणून कपाळावर धारण केलेली खूण होती ती. ती काढण्यामागची भूमिका कोणतीही असो, जुना बिल्ला ज्याच्या घरात आहे त्याच्या हाती केवळ पितळ नाही. सिग्नल्सच्या बाबतीत उलट घडले. मुकुट गेला, 'तीव्र चौकस' हे देशी ब्रीद आले, पण रोमन देवदूत जागच्या जागी राहिला. 2022 मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन आला, त्यानंतर मर्क्युरीलाही निरोप द्यावा, त्याच्या जागी नारद किंवा मारुती बसवावा, असे सुचवणारे भेटतात. निर्णय लष्कराचा आहे. आमचे वैयक्तिक मत विचाराल तर त्याला राहू द्यावे. त्याच्या अंगावरून मुकुटाची पिढी गेली, सिंहांची पिढी आली, आणि काश्मीरपासून कच्छपर्यंत तारा ओढणाऱ्या हजारो भारतीय जवानांनी त्याला आपला करून घेतला. नारदाबद्दल आदर आहेच, पण निरोप जसाच्या तसा पोचवण्याबद्दल त्यांची ख्याती नाही.

मुकुटाचा मुद्दा आमच्या दृष्टीने मोडीतल्या नकलेपेक्षा महत्त्वाचा ठरला, तो पारनेर तालुक्यातल्या एका घरी. तिथल्या नातवाने निरोप पाठवला की आजोबांचा एक बिल्ला आहे, घेता का? गेलो. सुपारीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला इंडियन सिग्नल कोअरचा बिल्ला होता. ठशाचा, पातळ, मर्क्युरीचे नाक झिजून गुळगुळीत, पण पायाच्या पंखांची पिसे मोजता येत होती. माथ्यावर ट्यूडर मुकुट. नातू म्हणाला, "इंग्रजांचा आहे. आजोबा त्यांच्या फौजेत होते. घरात ठेवावासा वाटत नाही." त्याच्या बोलण्यात किंमत काढण्याची घाई नव्हती, संकोच होता. कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "तारा वढायचं काम व्हतं त्यांचं. खांद्यावर चाक घिऊन." आम्ही विचारले, कागद काही आहे का? ट्रंकेतून डिस्चार्ज बुक निघाले. भरती 1944, प्रशिक्षण जबलपूर, आणि पुढे जम्मू-काश्मीर 1948 ची नोंद.

नातवाला आम्ही हे समजावून सांगितले, इथेही सांगतो. 15 ऑगस्ट 1947 ते 26 जानेवारी 1950 या काळात भारत स्वतंत्र होता, पण प्रजासत्ताक नव्हता, आणि फौजेचे बिल्ले तेच जुने मुकुटाचे होते. काश्मीरच्या पहिल्या युद्धात स्वतंत्र भारतासाठी लढलेल्या जवानाच्या कपाळावर ब्रिटिश राजाचा मुकुट होता. मुकुट पाहून त्या माणसाची निष्ठा ठरवणे म्हणजे पाकिटावरचे तिकीट पाहून पत्रातला मजकूर ठरवण्यासारखे आहे. त्या घरातला बिल्ला आजोबांनी 1948 च्या हिवाळ्यात घातला असेल, 1944 मध्येही घातला असेल. डिस्चार्ज बुक शेजारी असेपर्यंत हे दोन्ही सांगता येते. ते नसते, तर तोही आमच्या कपाटात 'इंडियन सिग्नल कोअर, मुकुट, स्वातंत्र्यपूर्व' अशा चिठ्ठीखाली गेला असता. चिठ्ठी चुकीची ठरली असती आणि चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणून आमचे म्हणणे असे की संग्राहकाने घासाघीस करण्याआधी लिहून घ्यावे. बिल्ला कोणाचा, गाव कोणते, नंबर आणि युनिट काय, भरती-निवृत्ती कधी, बिल्ला घरात कुठे ठेवलेला होता, आणि तो देणाऱ्याचे त्याच्याशी नाते काय. बिल्ल्याच्या पुढच्या बाजूचे छायाचित्र सगळेच काढतात, मागच्या बाजूचेही काढावे, कारण कडी, पट्टी, डाग दिलेला जोड हे सगळे तिथेच असते. आणि कृपा करून तो चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. झिजलेले नाक हा आजोबांच्या रोजच्या सकाळचा पुरावा आहे. त्यात आपल्या उत्साहाची भर घातली की दोन्ही हातांची झीज एकमेकांत मिसळते. घरच्यांना आमची विनंती इतकीच की बिल्ला आणि कागद यांची ताटातूट करू नये. सेवेचा तपशील हवा असेल तर जबलपूरचे सिग्नल्स रेकॉर्ड्स आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. नंबर ठाऊक असला की विचारपूस करता येते, आणि नंबर बहुधा त्या मळक्या पुस्तकावरच असतो. हेही सांगून ठेवू की बिल्ला संग्रही ठेवणे वेगळे आणि सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तो अंगावर मिरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला भारतीय दंड संहितेच्या 140व्या कलमात गुन्हा म्हटले होते आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे.

यावर आमचे काही संग्राहक मित्र हसतात. त्यांचा आक्षेप असा की माहितीची अट घातली तर निम्मा बाजार बंद पडेल, कारण निम्म्या वस्तूंना माहितीच नसते. खरे आहे. पण ज्या वस्तूंना माहिती असते त्यांचीही ती आपण रस्त्यात सांडतो, हे त्याहून खरे. 'दुर्मिळ' हा शब्द आपण फक्त नगांच्या संख्येला लावतो: असे तीनच उरले, असे दोनच. पारनेरच्या त्या बिल्ल्याचे भाऊबंद कितीतरी असतील, बाजारात त्याला फारसा भाव येणार नाही, हे आम्ही नातवाला प्रामाणिकपणे सांगितले. मात्र डिस्चार्ज बुक आणि आजींच्या तोंडचे ते एक वाक्य यांसह असलेला तसा बिल्ला आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

आम्ही तो घेतला नाही. एका कोऱ्या कागदावर सगळा तपशील लिहून दिला, आजींनी सांगितलेली तारांची आणि चाकाची गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवली, आणि कागदाची घडी डब्यात बिल्ल्याखाली ठेवली. नातवाने विचारले, मुकुटाचेही लिहिले ना? लिहिले होते. नगरला परतल्यावर आमच्या कपाटातला ओतीव मर्क्युरी काढला, त्याच्या खालची 'लघुप्रकार, अतिदुर्मिळ' ही जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: 'ओतीव नक्कल. नगर, मोडीतून. आणणारा कोण ते विचारले नाही.'